सुरत आहेच की!

(नंदुरबार येथील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



'लहान गावात राहण्याचे फायदे-तोटे' हा विषय आयोजकांनी कळवला तेव्हा तो मला थोडासा शाळकरी वाटला. आपण सर्वांनीच आठवी-नववीत या धर्तीचा निबंध लिहिलेला आहे. एका रकान्यात शुद्ध हवा, ताजा भाजीपाला आणि शेजारधर्म. दुसऱ्या रकान्यात महाविद्यालये, नोकऱ्या आणि नाट्यगृहे. शेवटी 'दोहोंचा समन्वय साधावा' असे एक वाक्य आणि दहापैकी सात गुण. तो निबंध मी आज पुन्हा लिहिणार नाही. या प्रश्नाला एक पत्ता असल्याखेरीज त्याचे उत्तर शोधण्यात अर्थ नाही, आणि तुमच्या-माझ्यापुरता तो पत्ता नंदुरबार हा आहे.

प्रथम 'लहान' या शब्दाचाच विचार करू. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख ११ हजार आणि जिल्ह्याची सुमारे १६ लाख ४८ हजार होती. जिल्ह्यातील दर शंभर माणसांपैकी जवळजवळ ६९ अनुसूचित जमातींतील. सुरतेहून भुसावळकडे निघालेल्या प्रवाशाच्या दृष्टीने नंदुरबार म्हणजे चहासाठी खिडकी उघडण्याचे एक स्थानक. परंतु धडगावच्या डोंगरातील पाड्यावरून उतरून आलेल्या माणसाला विचारा. तो म्हणेल, शहरात आलो आहे. दोघांचेही खरे आहे. आपण एकाच वेळी कोणाच्या तरी दृष्टीने खेडे आहोत आणि कोणाच्या तरी दृष्टीने महानगर. आपण मात्र स्वतःकडे पाहतो ते नेहमी सुरतेच्या किंवा पुण्याच्या बाजूने. धडगावच्या बाजूने पाहण्याची आपल्याला सवय नाही. हा मुद्दा कृपया लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याच्याकडे यावयाचे आहे.

हे गाव आडबाजूचे आहे, असा आपलाच एक समज आहे. इतिहास तसे सांगत नाही. मोगल काळात सुरत बंदरातून बऱ्हाणपूरकडे जाणारा मोठा व्यापारी मार्ग नंदुरबारवरून जात असे. १९०० च्या सुमारास तापीच्या खोऱ्यातून रेल्वे आली आणि त्याच जुन्या मार्गावर रूळ पडले. २०१८ मध्ये उधना-जळगाव मार्गाचे दुहेरीकरण पूर्ण झाले. रस्त्यावरच्या गावात माणसे येतात आणि राहतात. म्हणून आपल्या बाजारात मराठी, गुजराती, अहिराणी, गुजरी, भिली, पावरी, मावची एवढ्या बोली सहज कानावर पडतात आणि कोणाला त्याचे नवल वाटत नाही. नवापूरचे रेल्वे स्थानक तर अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. तिकीट महाराष्ट्रात काढावे आणि स्टेशन मास्तरांना भेटायला गुजरातेत जावे, अशी तेथील व्यवस्था. बाहेरचे लोक त्या सीमारेषेवरच्या बाकावर बसून छायाचित्रे काढतात. नवापूरकर त्याच बाकावर बसून गाडीची वाट पाहतात.

लहान गावाचा पहिला लाभ मी 'वेळ' हा मानतो. मुंबईतील माणूस आयुष्यातील किती वर्षे लोकलमध्ये उभ्याने काढतो, याचा हिशेब त्याने न केलेलाच बरा. येथे दुकान, कचेरी, शाळा, देऊळ हे सारे दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरात आहे. दुपारी घरी येऊन गरम जेवता येते. संध्याकाळी वडिलांजवळ बसता येते. या वेळेचे आपण काय करतो, हा निराळा प्रश्न. पूर्वी तो वाचनालयात, आखाड्यात, शाखेत किंवा भजनात जात असे. हल्ली बराचसा मोबाईलमध्ये जातो, आणि त्या बाबतीत नंदुरबार आणि न्यूयॉर्क यांत फारसे अंतर उरलेले नाही.

दुसरा लाभ हा की, येथे माणूस आपल्या डोळ्यांनी पाहू शकतो की गाव कशावर चालते. मिरचीच्या हंगामात शहराबाहेर पथाऱ्या पडतात. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो: ओली लाल मिरची वाळत घालण्याचे मोकळे मैदान म्हणजे पथारी. मिरचीच्या व्यापारात आंध्रातील गुंटूरच्या खालोखाल नंदुरबारचे नाव घेतले जाते. त्या दिवसांत वारा फिरला की अख्खे गाव शिंकते. त्यात नगराध्यक्ष आणि हमाल असा भेद नसतो. अवकाळी पावसाचे ढग दिसले की पथारीवर धावपळ सुरू होते आणि त्या धावपळीची चिंता किराणा दुकानदाराच्या, रिक्षावाल्याच्या आणि शिक्षकाच्याही चेहऱ्यावर दिसते. मोठ्या शहरातील माणसाला आपले पोट नेमके कोणाच्या घामावर चालते हे ठाऊक नसते. येथे ते ठाऊक नसल्याचे सोंग घेता येत नाही.

अर्थात, एकाच व्यवसायावर उभे असलेले गाव त्याच व्यवसायाबरोबर आडवेही होते. फेब्रुवारी २००६ मध्ये देशात प्रथमच बर्ड फ्लू आढळला तो नवापुरात. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या आणि कालपर्यंत भरभराटीला आलेल्या व्यवसायाची शेड्स ओस पडली. २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. महानगरात एक धंदा बुडाला तर माणूस दुसरीकडे चिकटतो. नवापुरात दुसरीकडे म्हणजे कोठे?

तिसरी गोष्ट ओळखीची. गणेशोत्सवात दादा गणपती आणि बाबा गणपती यांची हरिहर भेट होते, त्या वेळी गर्दीतील निम्मे चेहरे आपल्या ओळखीचे असतात. माझ्या मते १९४२ चा प्रसंग समजून घ्यायचा असेल तर ही ओळख लक्षात घ्यावी लागते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी या गावात शाळकरी मुलांची मिरवणूक निघाली आणि माणिक चौकात पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा ही पाच मुले हुतात्मा झाली. शिरीषकुमारचे वय तेव्हा अवघे पंधरा वर्षांचे. आडनावे पाहिलीत तर गुजराती आणि मराठी घरे एकत्र दिसतात. मुंबईत एवढे मोठे आंदोलन चालू असताना ते या गल्लीपर्यंत पोहोचले कसे, असे लोक विचारतात. मला वाटते, लहान गावात चळवळीला फार पायपीट करावी लागत नाही. एका ओट्यावर ठरते आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या ओट्यांना कळते. ज्या पोरांबरोबर विटीदांडू खेळलो त्यांच्याबरोबरच तिरंगा घेऊन निघायचे असते.

आता याच नाण्याची दुसरी बाजू. सगळ्या ओट्यांना कळते, हा लाभ जसा मिरवणुकीला होतो तसाच तो कुचाळकीलाही होतो. मुलगी दोनदा एकाच मुलाशी बोलताना दिसली की तिसऱ्या वेळी ती घरी पोहोचण्यापूर्वी बातमी पोहोचलेली असते. एखाद्या तरुणाने धंदा काढला आणि तो बुडाला, तर पुण्यात तो दुसरा धंदा काढतो. येथे तो आयुष्यभर 'तो बुडालेला' असतो. लग्न मोडून माहेरी परतलेल्या स्त्रीला येथे सहानुभूती भरपूर मिळते, पण भाड्याने खोली मिळत नाही. हे कटू असले तरी बोलले पाहिजे. शेजारधर्माची स्तुती करणाऱ्यांनी शेजाऱ्याच्या डोळ्यांचा धाकही जमेस धरावा. आणि तो धाक सर्वांना सारखा नसतो. घरातल्या मुलाला तो कमी, मुलीला अधिक. ज्याच्या आळीला मान आहे त्याला कमी, ज्याची वस्ती गावकुसाबाहेर आहे त्याला अधिक. आपली मुलगी पुण्याला शिकायला गेली की परत का येत नाही, याचे उत्तर केवळ पगारात शोधू नये. तेथे तिला रात्री नऊ वाजता एकटीने चहा पिता येतो, हेही एक उत्तर असू शकते.

माझ्या व्यवसायाचे उदाहरण देतो. महानगरातील पत्रकार अधिकाऱ्याविरुद्ध लिहितो आणि कचेरीतून घरी जातो. जिल्ह्याच्या गावातील पत्रकार सकाळी ज्याच्याविरुद्ध छापून आणतो तोच संध्याकाळी चहाच्या टपरीवर शेजारी उभा असतो, आणि त्याची मुलगी पत्रकाराच्या मुलीच्या वर्गात असते. त्यामुळे लेखणी जपून चालते. कधी कधी जरुरीपेक्षा अधिक जपून. मात्र त्याच कारणाने खोटे लिहिण्याचे धाडसही सहसा होत नाही, कारण खुलासा मागायला माणूस थेट दारात येतो.

येथवर मी जे बोललो ते कोणत्याही लहान गावाला कमीअधिक लागू पडेल. आता जे सांगावयाचे आहे ते नंदुरबारचे आहे.

आपल्या गावात एक वाक्य आहे. ते इतके सवयीचे झाले आहे की आपल्याला ऐकू येत नाही. हृदयाचा त्रास आहे? सुरत आहेच की. लग्नाचा बस्ता? सुरत आहेच की. मुलाला चांगला शिकवणीवर्ग? नाशिक, पुणे आहेच की. सुरत रेल्वेने सुमारे १६० किलोमीटर. पहाटे गाडीत बसावे, तपासण्या कराव्यात आणि रात्री घरच्या अंथरुणावर झोपावे. यात गैर काय? वैयक्तिक पातळीवर काहीच नाही. आजारी आईला घेऊन मीही हेच केले असते. परंतु हेच वाक्य गावातील प्रत्येक समर्थ कुटुंब वर्षानुवर्षे म्हणत राहिले तर काय होते? डॉक्टर, वकील, व्यापारी, प्राध्यापक, बागायतदार यांचे गावच्या रुग्णालयावाचून काही अडत नाही. ज्यांचे अडते त्यांचा आवाज मंत्रालयापर्यंत जात नाही. ज्यांचा आवाज जातो त्यांचे अडत नाही. गावात सोय नाही म्हणून आपण सुरतेला जातो, हे अर्धे सत्य झाले. आपण सुरतेला जाऊ शकतो म्हणून गावात सोय होत नाही, हे उरलेले अर्धे.

हा केवळ तर्क नव्हे. एकदा त्याची प्रत्यक्ष परीक्षा झाली आहे. २०२० मध्ये कोरोनाची महासाथ आली आणि राज्यांच्या सीमांवर अडथळे उभे राहिले. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली तेव्हा तर सुरतेचीच रुग्णालये ओसंडून वाहत होती. 'सुरत आहेच की' हे वाक्य आयुष्यात प्रथमच खोटे ठरले. महासाथ सुरू झाली त्या वेळी या जिल्ह्यात ऑक्सिजननिर्मितीचा एकही प्रकल्प नव्हता. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे शेजारच्या साक्री तालुक्यातील सामोडे गावचे, भिल्ल समाजातील, आईच्या कष्टांवर शिकून डॉक्टर आणि पुढे सनदी अधिकारी झालेले. सप्टेंबर २०२० मध्ये जिल्ह्यात पहिला ऑक्सिजन प्रकल्प उभा राहिला. पहिली लाट ओसरत असताना बहुतेक ठिकाणी लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला होता. येथे मात्र पुढील प्रकल्पांचे काम चालू राहिले. दुसऱ्या लाटेत मोठमोठ्या शहरांत माणसे सिलिंडर घेऊन वणवण फिरत असताना या जिल्ह्याजवळ स्वतःचा प्राणवायू होता, आणि शेजारच्या राज्यांतील रुग्णही उपचारासाठी येथे आले. रेल्वेने विलगीकरणाचे डबे नंदुरबार स्थानकात आणून उभे केले. ज्या रुळांवरून आपण उपचारासाठी सुरतेला जात होतो, त्याच रुळांवर उभ्या असलेल्या डब्यांत रुग्णांची व्यवस्था झाली.

एका अधिकाऱ्याचे कर्तृत्व म्हणून हे आपण ऐकले, टाळ्या वाजवल्या. अधिकाऱ्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण माझे लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे आहे. प्राणवायूचा प्रकल्प २०१५ मध्ये उभा राहू शकला नसता काय? हवा तेव्हाही हीच होती. फरक एवढाच की २०२० मध्ये गावातील प्रतिष्ठित माणसाचाही श्वास त्याच रुग्णालयावर अवलंबून होता.

आता धडगावच्या बाजूने पाहू. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा झाला. त्यापूर्वी अक्राणीतील माणसाला जिल्हाधिकारी कचेरीचे काम पडले तर धुळ्यापर्यंत जावे लागे. एका सहीसाठी मुक्काम पडत असे. जिल्हा झाल्याने कचेरी जवळ आली. रुग्णालय कागदावर जवळ आले, पण वाटेत सातपुडा आहे. तेथील कित्येक पाड्यांवर आजही वाहन जात नाही. गरोदर स्त्रीला बांबूला बांधलेल्या झोळीतून खाली आणतात. वृत्तपत्रांनी तिला 'बांबूलन्स' असे नाव दिले आहे. त्या नावातील विनोद मला कधी रुचला नाही. नर्मदेच्या काठावरील पाड्यांसाठी बोटीवरचा तरंगता दवाखाना चालतो. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला होता, तेव्हा एक पती आपल्या आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन घाट उतरू लागला. तिने वाटेतच प्राण सोडला. ही घटना आपण सर्वांनी वाचली आहे. त्या माणसाला सुरत ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याची सुरत म्हणजे आपण होतो.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये देशातील आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली तीत महाराष्ट्रातील चार जिल्हे होते आणि नंदुरबार त्यांपैकी एक. त्याआधी २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली येथे देशातील पहिली आधार क्रमांकपत्रे देण्यात आली. पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. योजनांच्या नकाशावर आपण अग्रभागी असतो. योजना येते, छायाचित्र निघते, पाहुणे परत जातात. ती राबवण्यासाठी गावात टिकून राहणारी माणसे लागतात, आणि आपण मुलांना सहावीपासून शिकवतो की बाळा, शिक आणि येथून बाहेर पड.

या ठिकाणी माझ्या तरुण मित्रांचा गैरसमज होऊ नये. गाव सोडून गेलेल्यांना दोष देणाऱ्यांपैकी मी नाही. ज्याला अवकाशविज्ञान शिकावयाचे आहे त्याने नंदुरबारात बसून काय करावे? त्याने जावे, खुशाल जावे, मोठे व्हावे. मातीच्या हाकेवर भाषणे ठोकून पंचविशीतल्या मुलाच्या डोक्यावर अपराधाचे ओझे ठेवणे मला अन्यायाचे वाटते. माझे बोलणे माझ्या वयाच्या माणसांशी आहे. आपण येथे राहतो, येथे कमावतो, आणि बचत मात्र पुण्यातील बंद सदनिकेत गुंतवतो. आपल्या प्रत्येक आळीत आज असे एखादे घर आहे, ज्याला दहा खोल्या आहेत आणि त्यांत दोन वृद्ध माणसे. मुले दिवाळीला येतात, चार दिवस खोल्या उघडतात, पाचव्या दिवशी कुलपे लागतात. ते घर गावासाठी काहीच करू शकणार नाही काय?

याचे एक प्रत्यक्ष उत्तर माझ्यासमोर आहे. २०२० मध्ये नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पहिली तुकडी आता पदवीपर्यंत पोहोचली आहे. राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेली ही मुले-मुली येथील वॉर्डांत शिकली. सिकलसेल, कुपोषण, सर्पदंश त्यांनी पुस्तकाआधी माणसांत पाहिले. सातपुड्यातून खाली आणलेली बाई त्यांच्याच हाताखाली बाळंत होते. यांतील चार-पाच जणांना जरी येथे राहावेसे वाटले तरी या जिल्ह्याचे रूप पालटेल. त्यांना वेतन शासन देईल. बाकीचे सारे गावाने द्यावयाचे आहे. एकटी राहणारी तरुण डॉक्टर घर पाहायला आली तर तिला पहिला प्रश्न कोणता विचारला जातो? जात, आहार, 'रात्री किती वाजता येणार', 'भेटायला कोण कोण येते'. रात्रपाळी करून पहाटे परतणाऱ्या मुलीला असे प्रश्न विचारणाऱ्या गावात तिने का राहावे? तिच्या पतीला येथे काम आहे काय? तिच्या लेकराला शाळा कशी आहे? तिला संध्याकाळी वाचायला ताजी पुस्तके मिळतील असे एखादे वाचनालय आपण चालू ठेवले आहे काय? रुग्ण दगावला म्हणून तिच्या अंगावर धावून जाणाऱ्या जमावात आपल्या आळीतील कोणी नव्हते ना?

म्हणून माझी विनंती अगदी किरकोळ आहे. ज्यांच्या वरच्या मजल्यावरील खोल्या बंद आहेत त्यांनी आयोजकांकडे आज नाव नोंदवावे. भाडे रास्त घ्यावे आणि प्रश्न विचारू नयेत. येथे दहा घरे मिळाली तरी पुढच्या महिन्यात महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांकडे यादी घेऊन जाता येईल. नोंदवही बाहेर टेबलावर ठेवली आहे. शहादा आणि तळोद्याहून आलेल्या मंडळींना शेवटची बस गाठावयाची आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून प्रश्नोत्तरे थोडक्यात घेऊ.